तीन कोसांवरचा कवडसा

फुटक्या आरशाचा तुकडा उन्हात धरून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचविण्याचा खेळ मुले पिढ्यान् पिढ्या खेळत आली आहेत. भिंत चार हातांवर असली म्हणजे कवडसा हवा तेथे ठेवता येतो. तीच भिंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असली तर तो थरथरू लागतो. आणि ती नदीपलीकडे तीन कोसांवर असली तर? मनगट केसभर हलले तरी कवडसा भिंत सोडून शेजारच्या शेतात जाऊन पडेल, आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मुलांच्या खेळातील ही अडचण आज दळणवळणाच्या एका नव्या विद्येतील मुख्य अडचण होऊन बसली आहे. तार नाही, जमिनीत पुरलेला काचतंतू नाही. एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे मोकळ्या हवेतून लेझरचा प्रकाश धाडावयाचा आणि त्यावरून संदेश न्यावयाचे, अशी ही विद्या आहे. प्रकाश निर्माण करणे आणि त्यावर संदेश चढविणे ही कामे आता फारशी कठीण राहिलेली नाहीत. कठीण आहे ते त्या प्रकाशाला ठरल्या जागी धरून ठेवणे.

तेलंगणाच्या उत्तर टोकाचा आदिलाबाद जिल्हा ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा मुलूख आहे. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पण मुलखाचा चेहरा तोच राहिला. सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर हे मराठी जिल्हे आहेत. अलीकडच्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी एकाच सकाळी ऐकू येतात. निर्मलकडे निघाले की घाट लागतो; इंद्रवेल्ली, उटनूर ह्या बाजूस डोंगर आणि सागाचे रान; आणि सखल भागात जिच्यावर ह्या जिल्ह्याचा सारा कापूस पिकतो ती काळी जमीन.

अशा मुलखात काचतंतूची केबल न्यावयाची म्हणजे चर खणावा लागतो. राखीव वनातून खणावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते. नदी ओलांडावयाची तर केबलीला पूल शोधीत जावे लागते. गावात मोबाइलचा मनोरा उभा राहिला म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः मनोरा म्हणजे केवळ गावाकडील नळाची तोटी होय. शहरातून मनोऱ्यापर्यंत येणारी वाहिनीच बारीक असेल, तर तोटी कितीही मोठी केली तरी घागर भरत नाही. आणि आता रेशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा पटावयाचा असो किंवा बँकेच्या प्रतिनिधीकडून निवृत्तिवेतनाचे पैसे मिळावयाचे असोत, ती वाहिनी वाहती असावी लागते. ती तुटली की कोसभर चालत आलेली म्हातारी रिकाम्या पिशवीने परत जाते. हवेतून प्रकाश नेण्याच्या खटाटोपाचे मोल तेथे आहे.

हा खटाटोप नुसता कागदावर राहिलेला नाही. आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर ब्राझाविल आणि किन्शासा ही दोन राजधान्यांची शहरे समोरासमोर वसली आहेत. मधले अंतर 4.8 किलोमीटर, पण एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत केबल न्यावयाची तर चारशे किलोमीटरांहून अधिक वळसा. अमेरिकेतील अल्फाबेट ह्या कंपनीच्या 'तारा' नावाच्या उपक्रमाने 2021 साली हे पाणी लेझरने ओलांडले. कर्त्यांनीच जाहीर केलेल्या हिशेबाप्रमाणे वीस दिवसांत सुमारे 700 टेराबाइट एवढी माहिती पलीकडे गेली आणि 99.9 टक्के वेळ जोडणी चालू राहिली. वीस दिवसांचा हिशेब हा वर्षाचा हिशेब नव्हे, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्याकडे त्याच्याही आधी, डिसेंबर 2017 मध्ये, शेजारच्या आंध्र प्रदेश राज्याने ह्याच मंडळींशी करार करून अशा दोन हजार जोडण्या उभारण्याची योजना जाहीर केली होती. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्याला ही कल्पना अगदीच परकी नाही.

प्रकाशाने निरोप धाडण्याची युक्ती तर फारच जुनी. 1880 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर ह्यांनी आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करून 213 मीटरांवर बोलणे पोहोचविले होते. टेलिफोनपेक्षाही बेलना ह्या शोधाचे कौतुक अधिक होते. तो मागे पडला, कारण सूर्य आणि ढग ह्यांच्यावर कोणत्याही टपालखात्याची सत्ता चालत नाही. पुढे 1960 साली थिओडोर मेमन ह्यांनी पहिला लेझर पेटविला आणि सूर्याची गरज संपली. नेमाची अडचण मात्र होती तेथेच राहिली.

त्या अडचणीशी पहिली मोठी झुंज ज्यांनी दिली ते लोक ह्याच प्रदेशाच्या आसपास वावरले होते. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख कर्नल विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे जात असता 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. आज हैदराबादहून निर्मल, आदिलाबाद, पांढरकवडा असा नागपूरला जाणारा हमरस्ता हिंगणघाटावरूनच जातो. त्यांच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांनी मापनाची साखळी पुढे उत्तरेकडे नेली. ही रेषा आदिलाबादच्या पश्चिमेकडून जाते. 1830 साली विलायतेहून परतल्यावर एव्हरेस्ट ह्यांनी हेलिओट्रोप नावाचे आरशाचे उपकरण वापरात आणले. जर्मन गणिती गाऊस ह्यांनी ते 1821 साली शोधून काढले होते. एका टेकडीवर हा आरसा, पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या टेकडीवर दुर्बीण. आरशाने पाठविलेला सूर्याचा ठिपका दुर्बिणीतून पाहावयाचा आणि कोन मोजावयाचा.

येथे थोडे गणित करून पाहण्याजोगे आहे. आकाशात सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाएवढे दिसते. म्हणून साध्या आरशावरून निघालेला झोतही अर्ध्या अंशाने पसरतो आणि पन्नास किलोमीटरवर त्याची रुंदी सुमारे साडेचारशे मीटर होते. दुर्बिणीवाल्या साहेबांनी ह्या साडेचारशे मीटरांत कोठेही असावे, ठिपका दिसणारच. पण सूर्य थांबत नाही. तो दर चार मिनिटांस एक अंश सरकतो. म्हणजे आरसा स्थिर ठेवला तर दोन मिनिटांत सगळा झोत आपल्या रुंदीएवढा बाजूला निघून जातो. म्हणून आरशापाशी एक माणूस सतत बसलेला असावा लागे. त्याने सूर्याकडे लक्ष ठेवून आरसा तसूतसूने फिरवीत राहावयाचे. टेकडीवर एकटा, पाण्याची गैरसोय, भोवती ताप आणि रान. आणि आपला ठिपका पलीकडे पोहोचला की नाही हे त्याला बहुधा कळतही नसे. इतिहासात साहेबांची नावे राहिली. ह्या खलाशांची राहिली नाहीत. आजच्या लेझरच्या खांबावर जे यंत्र बसविलेले असते ते त्या माणसाची जागा घेते. फक्त त्याला दोन मिनिटांची सवड मिळत नाही.

सवड का मिळत नाही? कारण झोत फारच अरुंद केलेला असतो. आदिलाबादचे आकाशवाणी केंद्र आपला कार्यक्रम चहूकडे पसरविते. जेथे रेडिओ आहे तेथे तो ऐकू येतो आणि कोणी कोठे नेम धरीत बसत नाही. परंतु त्या शक्तीचा अगदी सूक्ष्म अंशच एकेका रेडिओच्या वाट्याला येतो. लेझरचा हिशेब उलटा आहे. झोताची रुंदी दहापट कमी केली तर तोच प्रकाश शंभरपट कमी जागेवर पडतो, म्हणजे पलीकडच्या भिंगात शंभरपट अधिक प्रकाश येतो. विजेचा खर्च एका पैशानेही न वाढविता शंभरपट लाभ! हा मोह कोणत्या अभियंत्याला आवरेल? पण त्याच हिशेबाने नेमातील चुकीला मिळणारी माफीही दहापट कमी होते.

अगदी निर्दोष लेझरही थोडासा पसरतोच. तो प्रकाशाच्या लहरीपणाचा धर्म आहे. पाच सेंटिमीटर तोंडाच्या भिंगातून निघालेली, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची शलाका दहा किलोमीटरवर, म्हणजे सुमारे तीन कोसांवर, अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद होते. ह्या अर्ध्या मीटरमध्ये पलीकडचे भिंग सापडले पाहिजे, आणि तेही शक्य तो मध्यभागी, कारण कडेला प्रकाश विरळ असतो. 'तारा'च्या कर्त्यांनी आपल्या यंत्राचे वर्णन करताना दहा किलोमीटरवरच्या पाच सेंटिमीटरांच्या लक्ष्यावर नेम धरण्याची गोष्ट सांगितली आहे. कोनाच्या भाषेत बोलावयाचे तर एका अंशाचे 3600 भाग केले असता त्यांतील जवळजवळ एक भाग. खांबावर एक मीटर लांबीची नळी बसविली आणि तिचे एक टोक केवळ एक मिलिमीटर ढळले, तर दहा किलोमीटरवर शलाका दहा मीटर बाजूला पडेल. अर्ध्या मीटरची शलाका दहा मीटर चुकली, तर पलीकडे पूर्ण अंधार.

आणि एक मिलिमीटर ढळावयास काय लागते? मनोरा वाऱ्याने सेकंदाला एकदोन हेलकावे खातो. काँक्रीटच्या इमारतीची एक बाजू सकाळच्या उन्हाने तापते, दुसरी थंड असते, तापलेली बाजू किंचित वाढते आणि सारी इमारत किंचित कलते, संध्याकाळी उलट. आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यात पहाटे एक आकडी होतो, तेव्हा हे कलणे काही थोडेथोडके नसावयाचे. काळ्या जमिनीचे दुखणे आणखी निराळे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात रोवलेल्या खांबाचा पाया खोल नेला नसेल तर तो ऋतूबरोबर डुलतो. हा डोलारा इतका सावकाश असतो की डोळ्यांस दिसत नाही, पण लेझरला दिसतो. ह्यात खांबावर चढून बसलेले वानर धरलेले नाही.

खांब अगदी पाषाणासारखा स्थिर धरला तरी प्रश्न सुटत नाही, कारण मधली हवाच स्थिर नसते. उन्हाळ्यात उघड्या शेतावरची हवा खाली तापलेली व विरळ आणि वर थंड व दाट असते. प्रकाशकिरण दाट हवेकडे वळतो. म्हणून दुपारी शलाका वरच्या बाजूस वाकते. मृगजळ दिसते ते ह्याच कारणाने. रात्री जमीन निवली की हवेचे थर उलटे होतात आणि शलाका खालच्या बाजूस वाकते. जुन्या सर्वेक्षकांना ह्याचा चांगलाच अनुभव होता. दिवसा क्षितिजाखाली बुडालेली टेकडी रात्री दिव्यासह वर उचललेली दिसे. हे झाले सावकाश होणारे फेरफार. त्यांच्यावर आणखी हवेतील भोवऱ्यांचे खेळ चालू असतात. गरम हवेचे लहानमोठे पुंजके शलाकेतून वाहत जातात आणि प्रत्येक पुंजका भिंगासारखा तिला थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलतो. तारे लुकलुकतात ते ह्यामुळेच. हे ढकलणे सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलत असते. वीस गिगाबिट वेगाच्या जोडणीत एक दशांश सेकंद नेम सुटला तर दोनशे कोटी अंक वाटेत सांडतात. हेलिओट्रोपवाला खलाशी कितीही तत्पर असला तरी येथे त्याचा हात पुरणार नाही.

ह्या सगळ्यावर काढलेला तोडगा मुळात फार साधा आहे, आणि त्यातील सौंदर्य सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. पलीकडचे भिंग कोठे आहे ते मोजून, नकाशावरून कोन काढून नेम धरावा, असे यंत्र करीत नाही. ते पलीकडून येणाऱ्या प्रकाशाकडे पाहते. दोन्ही टोके एकाच वेळी बोलत आणि पाहत असतात. प्रकाशाचा नियम असा की ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने त्याला परत पाठविता येते. मधल्या हवेने येणाऱ्या शलाकेला जेवढे वाकविले तेवढेच जाणारीलाही वाकविणार, कारण दहा किलोमीटर जावयास प्रकाशाला सेकंदाचा तीस हजारावा भाग पुरतो आणि तेवढ्यात हवा बदलत नाही. तेव्हा येणारा प्रकाश आपल्या भिंगाच्या अचूक मध्यावर आणून ठेवला आणि जाणारा प्रकाश त्याच आरशावरून, त्याच रेषेत सोडला, की तो आपोआप पलीकडच्या भिंगात जाऊन पडतो. हवा कशी वाकली आहे, खांब किती कलला आहे, हे कळण्याची गरजच उरत नाही. समोरच्याकडे नीट पाहणे एवढेच प्रत्येक टोकाचे काम.

'मध्यावर आणणे' हे काम एक चार खणांचा प्रकाशसंवेदक करतो. चौकोनी पाटावर मधोमध उभी आणि आडवी रेघ मारावी, तसे त्याचे चार खण असतात. येणाऱ्या प्रकाशाचा ठिपका बरोबर मध्ये पडला तर चारही खणांना सारखा प्रकाश मिळतो. तो उजवीकडे सरकला की उजव्या दोन खणांत वीज वाढते, डाव्या दोघांत घटते. दोहोंतील फरक म्हणजेच चूक किती आणि कोणत्या दिशेची, ह्याचे माप. हे माप मिळताच एक छोटा, हलका आरसा तेवढाच उलट्या दिशेने वळविला जातो. पुन्हा मोजणे, पुन्हा वळविणे. असे सेकंदाला शेकडो वेळा, काही यंत्रांत हजाराहून अधिक वेळा. आरसा हलका का, तर जड आरसा इतक्या झपाट्याने वळत नाही. पण हा हलका आरसा फार थोड्या कोनातच वळू शकतो. म्हणून तो एका मोठ्या बैठकीवर बसवितात; ती दोन अक्षांवर, आडवी आणि उभी, सावकाश फिरते. इमारतीचे कलणे, पायाचे डुलणे ही मोठी पण मंद कामे बैठकीने करावयाची. वारा आणि हवेचे भोवरे ही बारीक पण चपळ कामे आरशाने करावयाची. आरसा आपल्या वळण्याच्या हद्दीजवळ येऊ लागला की बैठक थोडी सरकून त्याला पुन्हा मध्यावर आणते.

ह्या दुरुस्तीतही तारतम्य लागते. नवशिका सायकलस्वार डावीकडे झुकताच हँडल भलतेच उजवीकडे वळवितो, मग घाबरून डावीकडे, आणि शेवटी पडतो तो झोक जाण्यामुळे नव्हे तर दुरुस्तीमुळे. आरशाला चुकीपेक्षा जास्त वळविले, किंवा चूक मोजण्यात आणि वळविण्यात उशीर झाला, तर शलाकाही अशीच झोके खाऊ लागते. कमी वळविले तर ती मागे पडते. किती जोराने सुधारावे, हे ठरविण्यात ह्या शास्त्राचे निम्मे कौशल्य खर्च होते.

आता प्रश्न असा की येणाऱ्या प्रकाशाकडे पाहावयाचे तर तो आधी भिंगात आला पाहिजे. पहिल्या दिवशी, किंवा वादळाने नेम पार सुटल्यावर, दोन आंधळ्यांनी एकमेकांस शोधावे तशी स्थिती असते. तेव्हा दोन्ही टोके उपग्रहांवरून कळलेल्या आपापल्या ठिकाणावरून ढोबळ दिशा ठरवितात. मग एक टोक आपली शलाका मुद्दाम रुंद करते, किंवा चकली पाडावी तशी मध्यापासून बाहेर वेटोळी घेत फिरविते. फिरता फिरता ती क्षणभर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात चमकते. दुसरे टोक त्या दिशेला वळून उत्तर देते. पहिल्याला ते दिसते आणि ते वेटोळी थांबविते. मग दोघेही हळूहळू झोत अरुंद करीत एकमेकांच्या मध्यावर येतात. अनेक यंत्रांत ह्या कामासाठी संदेशाच्या शलाकेखेरीज खुणेची एक निराळी, रुंद शलाका ठेवलेली असते.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने 2021 साली अहमदाबाद येथील आपल्या केंद्राच्या आवारात दोन इमारतींमध्ये 300 मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून गुप्त संदेशवहनाचा प्रयोग केला, तेव्हाही नेम जुळविण्यासाठी अशीच फिरती बैठक योजिली होती. तेथे तर प्रकाशाचा एकेक कण मोलाचा असतो.

'आल्या वाटेने परत' हा नियम जेथे पुरा पडत नाही अशीही एक जागा आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या सायकी ह्या अवकाशयानाने 3 कोटी 10 लक्ष किलोमीटरांवरून लेझरने एका मांजराचे चलच्चित्र पृथ्वीवर पाठविले. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने ते टिपले. यानाला दिशा दाखविण्यासाठी पृथ्वीवरून खुणेची शलाका सोडलेली होती. पण प्रकाशाला एवढे अंतर तोडावयास सुमारे शंभर सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे तीन हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून यानाला जेथून प्रकाश आला तेथे नव्हे, तर पृथ्वी जेथे पोहोचणार आहे तेथे नेम धरावा लागला. उडत्या पाखरावर गोफण मारणारा राखणदार हेच करतो. पैनगंगेवर ह्याची गरज नाही; तेथील खांब डुलले तरी पळत नाहीत.

फिरते आरसे आणि बैठका म्हणजे झिजणारे भाग. त्यांत धूळ जाते, वंगण सुकते. म्हणून 'तारा'च्या कर्त्यांनी 2025 साली नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीची हकीकत प्रसिद्ध केली. तीत हलणारा एकही भाग नाही. चकतीवरील असंख्य सूक्ष्म तोंडांतून प्रकाश सोडावयाचा आणि प्रत्येक तोंडाच्या लहरी शेजारच्यापेक्षा किंचित उशिराने निघतील असे करावयाचे; मग सगळ्या लहरी मिळून जो झोत होतो तो एका बाजूला वळतो. कवायतीत रांग वळताना एका टोकाचा शिपाई मंद आणि दुसऱ्या टोकाचा जलद चालतो, तसेच हे. ही चकती खेडोपाडीच्या खांबांवर स्वस्तात बसू लागली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. पण प्रयोगशाळेतून खांबावर येईपर्यंत अशा वस्तूंना वेळ लागतो.

नेम कितीही अचूक असो, एका शत्रूपुढे तो निरुपयोगी ठरतो. तो शत्रू म्हणजे धुके. धुक्याचे थेंब अतिशय बारीक आणि अगणित असतात. ते प्रकाशाला चहूकडे विखरून टाकतात आणि समोर काही उरू देत नाहीत. पावसाचे थेंब मोठे पण त्यामानाने विरळ. म्हणून साधारण पावसात लेझरची जोडणी टिकते, दाट धुक्यात मरते. उच्च कंपनसंख्येच्या रेडिओलहरींचे नेमके उलट आहे. त्यांना धुके फारसे अडवीत नाही, पण मुसळधार पाऊस अडवितो. तेव्हा शहाणपणाची योजना म्हणजे दोन्ही एका खांबावर ठेवणे. धुके पडले की कमी वेगाच्या रेडिओवर काम न्यावे आणि धुके विरले की पुन्हा लेझरवर यावे. रेशनच्या अंगठ्याला वीस गिगाबिट लागत नाहीत; त्याला अगदी थोडे, पण अखंड लागते. जाहिराती वेगाच्या असतात. गावाने मात्र वेगाआधी हे विचारावे, की जानेवारीतल्या पहाटे, नदीवर धुके असताना, ह्या खांबावर दुसरे काय चालू राहील.

पैनगंगेच्या दोन काठांवर अशी जोडणी करावयाची झाली तर जागा निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतील. शलाका तापलेल्या शेतावरून सखल न जाता उंचावरून जावी, कारण हवेचे भोवरे जमिनीलगत सर्वांत जोरदार असतात. वाटेत सागाचे झाड असेल तर ते उन्हाळ्यात पानगळीमुळे आड येत नाही आणि पावसाळ्यात परातीएवढ्या पानांनी सगळे झाकून टाकते; म्हणून पाहणी पावसाळ्यात करावी. खांब शक्य तो खडकावर रोवावा. काळ्या जमिनीतच रोवणे भाग पडले तर भेगांच्या खाली जाईल एवढा पाया खणावा. आणि जेथे सरळ चर खणून काचतंतू नेता येतो तेथे तोच न्यावा. जमिनीखालच्या काचेला धुक्याची आणि वाऱ्याची फिकीर नसते. लेझर ही नदीची आणि घाटाची वस्तू आहे, सपाट रस्त्याची नव्हे.

शेवटची बाब पुस्तकात सहसा लिहिलेली नसते. भिंगापुढच्या काचेवर कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू बसतात, कोळी जाळे विणतो. यंत्र आपला नेम राखील, पण काच पुसावयाला चढणारा माणूस दोन्ही काठांवर हवा. येथे एक काठ तेलंगणात आणि दुसरा महाराष्ट्रात असणार. दोन्ही यंत्रे मिळूनच जोडणी होते, म्हणून एका काठाची काच मळली की दुसऱ्या काठाचेही काम थांबेल. तेव्हा खांब उभे करण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांनी बसून हे ठरवावे, की कोणत्या महिन्यात कोण चढणार आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार.